सोमवारचा ताप

गेल्या वर्षीच्या पालकसभेला नववीतल्या एका मुलाचे वडील आले होते. खिडक्यांचे ग्रिल आणि पत्र्याच्या शेडचे सांगाडे बनवणाऱ्या एका गाळ्यात ते वेल्डर आहेत. मुलाच्या गुणांवर बोलून झालं, मग जाता जाता म्हणाले, "सर, छुट्टी के बाद काम पे गया की रात को बुखार आता. दुसरे दिन गायब." मालकाच्या मते हा सुट्टीत चढलेला आळस. उपाय म्हणून गाळ्यात गुळाची ढेप ठेवलेली असते. गूळ खाल्ला की छातीतला धूर धुतला जातो, अशी समजूत आहे.

हा आळस नाही. या तापाचा लेखी इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे.

१८३१ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरातले डॉक्टर चार्ल्स टर्नर थॅकरा यांनी निरनिराळ्या धंद्यांतल्या आजारांवर पुस्तक लिहिलं. पितळ वितळवणाऱ्या कामगारांच्या तापाची नोंद त्यात आहे. पितळेत जस्त असतं. जस्त फार तापलं की त्याची वाफ होते आणि हवा लागताच पांढरा धूर बनतो. तो छातीत गेल्यावर काही तासांनी थंडी वाजते, ताप येतो, तोंडाला धातूची चव येते आणि एक-दोन दिवसांत सगळं उतरतं. रोज धूर घेणारं शरीर काही काळ सरावतं, सुट्टीत तो सराव मोडतो. म्हणून ताप सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी येतो आणि म्हणूनच त्याला 'सोमवारचा ताप' हे नाव पडलं. आमच्या पालकांच्या गाळ्यात जस्ताचा मुलामा असलेले जीआय पाइप जोडतात. ताप तिथूनच येतो.

हा ताप निदान उतरतो तरी. १८३७ मध्ये ग्लासगोचे जॉन कूपर यांनी मँगनीजची पूड करणाऱ्या कामगारांचं वर्णन लिहिलं. त्यांचे पाय लटपटत, चाल बिघडे, बोलणं क्षीण होई. मँगनीज आजही वेल्डिंगच्या रॉडमध्ये असतं, आणि वेल्डिंगचा बहुतेक धूर रॉडमधूनच निघतो.

विजेच्या ठिणगीने लोखंड जोडण्याची कला १८८० च्या दशकात आली. दुसऱ्या महायुद्धात जहाजं रिव्हेटऐवजी वेल्डिंगने बांधू लागले आणि वेल्डरांची संख्या झपाट्याने वाढली. डोळ्यांसाठी काळी काच लवकर आली, कारण डोळे त्याच रात्री दुखतात. फुफ्फुसं वर्षानुवर्षं गप्प राहतात, म्हणून त्यांची दखल उशिरा घेतली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्ये वेल्डिंगच्या धुराने कर्करोग होण्याची 'शक्यता' सांगितली होती. २०१७ मध्ये तिने तो निश्चितपणे कर्करोगकारक ठरवला. जगात सुमारे १ कोटी १० लाख वेल्डर आहेत आणि आणखी ११ कोटी लोकांना कामावर हा धूर लागतो, असा तेव्हाचा अंदाज होता.

आपला कायदा मागे होता असं मात्र नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचं कलम १४ सांगत होतं की धूर जिथे निघतो, तिथेच जवळात जवळ तो ओढून घेणारं यंत्र हवं. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने वेल्डिंगच्या धुराला एक घनमीटर हवेत ५ मिलिग्रॅम अशी मर्यादाही आली. मँगनीजची विषबाधा तर कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आहे.

पण त्या मूळ कायद्यात कारखाना म्हणजे वीज वापरून किमान १० कामगार काम करत ती जागा. राज्य सरकारला लहान जागांनाही तो कायदा लावता येत होता, हे खरं. पण चार जणांच्या गाळ्यापर्यंत तो सहसा पोहोचत नसे. धूर काही माणसं मोजून निघत नाही.

त्या वडिलांना मी एवढंच सांगितलं की रुमाल बांधून हा बारीक धूर अडत नाही आणि गुळाने तो धुतला जात नाही. जोडाच्या जागेवरचा जस्ताचा थर आधी घासून काढावा, तोंड धुराच्या वाटेत धरू नये, काम उघड्यावर करावं, आणि मालकाकडे धूर ओढणारा पंखा आणि योग्य मास्क मागावा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दसवी के बाद इसको भी उधर ही लगाने का सोचा था."

मुलगा शेजारीच उभा होता. त्याचे गणिताचे गुण चांगले आहेत, हे मी पुन्हा एकदा सांगितलं.