श्रवणातून जन्मलेली आत्मवृत्ते

आत्मवृत्त हे एकांतात लिहावयाचे आणि एकांतातच वाचावयाचे, असा या वाङ्मयप्रकाराविषयी आपला सर्वसाधारण समज असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जाऊन राहिलेल्या स्पॅनिशभाषी लोकांची आत्मवृत्ते चाळली, म्हणजे हा समज फारसा टिकत नाही. क्यूबा, पोर्तो रिको, मेक्सिको अशा मुलुखांतून आलेल्या या लोकांना तिकडे लातिनो म्हणतात, आणि स्त्रियांना लातिना. त्यांची आत्मवृत्ते आज ध्वनिमुद्रित रूपात सहज मिळतात. प्रवासात, स्वयंपाक करताना, हाताला दुसरे काम असताना पुष्कळ लोक ती ऐकतात. छापील ग्रंथाची ही उतरती कळा आहे, असे एखाद्या ग्रंथप्रेमी गृहस्थास वाटेल. परंतु इतिहास वेगळेच सांगतो. हाताने काम करावे आणि कानाने ग्रंथ ऐकावा, हा प्रघात या समाजात दीडशे वर्षांहून अधिक जुना आहे, आणि त्यांच्या काही उत्तम आत्मवृत्तांचा उगमच अशा श्रवणात आहे. तो इतिहास येथे थोडक्यात सांगावा, असा आमचा विचार आहे.

त्याचा आरंभ क्यूबाच्या राजधानीत, हवाना येथे, १८६५ साली होतो. क्यूबा त्या वेळी स्पेनच्या ताब्यात होते आणि तंबाखू हे तेथील मोठे धन होते. चिरूट वळण्याच्या कामात यंत्राचा खडखडाट नसतो. लांबच लांब मेजांशी माणसे रांगेने बसतात, पान पसरतात, अर्धगोल पात्याने कापतात आणि वळतात; हात गुंतलेले, कान मात्र रिकामे. सातुर्निनो मार्तीनेस नावाच्या एका चिरूट-कामगाराने त्या साली ‘ला आउरोरा’ हे कामगारांचे साप्ताहिक सुरू केले. पण बहुसंख्य कामगारांना अक्षरओळख नव्हती. मग साप्ताहिक काढून उपयोग काय? डिसेंबर महिन्यात ‘एल फिगारो’ नावाच्या कारखान्यात यावर तोड निघाली. एकाने मोठ्याने वाचावे, इतरांनी वळता वळता ऐकावे, आणि वाचणाऱ्याचा जो रोज बुडेल तो सर्वांनी वर्गणी करून भरून द्यावा. अशा वाचणाऱ्यास स्पॅनिशमध्ये ‘लेक्तोर’ म्हणतात. आपण त्यास पाठक म्हणू. कारण आपल्याकडील पोथी सांगणाऱ्या पुराणिकाशी त्याचे नाते जवळचे दिसते. फरक इतकाच की, याच्या पोथ्या निराळ्या होत्या, आणि त्या कोणत्या असाव्यात हे श्रोतेच ठरवीत.

सरकारच्या ध्यानात या गोष्टीचे महत्त्व लवकर आले. १८६६ सालच्या मे महिन्यात स्पॅनिश अधिकाऱ्यांनी कारखान्यांतील वाचनावर बंदी घातली. निरक्षर माणूस नुसत्या ऐकण्याने शहाणा होऊ शकतो, हे सत्तेला उमगले होते. पुढे १८६८ साली स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर हजारो क्यूबन लोक समुद्र ओलांडून फ्लोरिडात गेले. जाताना त्यांनी धंदा नेला आणि पाठकही नेला. की वेस्ट येथे, आणि १८८६ पासून टँपाच्या ईबोर सिटी या नव्या वसाहतीत, उंच मंचावर बसून पाठक आधी वर्तमानपत्रे वाची आणि मग कादंबऱ्या. ह्यूगो, झोला, सर्व्हान्तेस यांचे ग्रंथ ज्यांनी कधी हातात धरले नव्हते, अशा माणसांना ते तोंडपाठ झाले. एखादा भाग विशेष रंगला की कामगार हातातले पाते मेजावर ठोकून दाद देत. १९३१ साली टँपाच्या कारखानदारांनी पाठकांना रजा दिली. पाठक जहाल विचार पसरवितात, अशी त्यांची तक्रार होती. कामगारांनी संप केला. परंतु पाठक परत आला नाही, त्याच्या जागी रेडिओ आला. क्यूबात मात्र ही प्रथा टिकून राहिली, आणि २०१२ साली तिला राष्ट्राच्या सांस्कृतिक वारशाचा मान देण्यात आला.

पोर्तो रिको हे असेच दुसरे तंबाखूचे बेट. १८९८ च्या युद्धानंतर ते स्पेनकडून अमेरिकेकडे आले. तेथील कारखान्यांतही पाठक असत, आणि त्यांत एक स्त्री होती. लुइसा कापेतियो हिचा जन्म १८७९ चा. आरेसिबो गावी ती चिरूट-कामगारांना ग्रंथ वाचून दाखवी. वाचता वाचता ती लिहू लागली, आणि १९११ साली स्त्रियांच्या हक्कांविषयी व कर्तव्यांविषयी तिने एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १९१५ साली हवानात पुरुषी विजार घालून रस्त्याने फिरल्याबद्दल तिला अटक झाली होती. विजारीचा बोभाटा पुष्कळ झाला. पण तिने कारखान्यात केलेले वाचन अधिक दूर पोहोचले असावे, असे आम्हांस वाटते.

याच बेटावरील कायेय नावाच्या एका गावाने दोन आत्मवृत्तकार दिले. हेसूस कोलोन याचा जन्म १९०१ चा. त्याच्या घराजवळ चिरुटांचा कारखाना होता. पाठकाचा आवाज खिडकीवाटे त्याच्या कानावर येई, आणि कामगार न होताच तो पोरगा त्या पाठशाळेचा विद्यार्थी झाला. सोळाव्या वर्षी तो एका जहाजात लपून न्यूयॉर्कला गेला. पडेल ती कामे केली, वर्तमानपत्रांतून लिहिले, आणि १९६१ साली ‘न्यूयॉर्कमधील एक पोर्तोरिकन’ अशा अर्थाच्या नावाने आपले स्मृतिलेख इंग्रजीत प्रसिद्ध केले. त्यांतील पहिला लेख त्या खिडकीतून येणाऱ्या आवाजावरच आहे.

त्याच पुस्तकातील एक आठवण आपल्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. न्यूयॉर्कमध्ये नव्याने आलेल्या या तरुणाने किपलिंगची, धीराने व संयमाने वागण्याचा उपदेश करणारी प्रसिद्ध कविता चौकटीत बसविलेली विकत घेतली. खोली बदलली की तीही त्याच्याबरोबर जाई. तो ती मोठ्याने म्हणे. आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला तरी त्याची हरकत नसे. पुढे एका कडक हिवाळ्यात, जवळ पैसा नाही, शेगडीत जळण नाही, अशी वेळ आली. तेव्हा त्याने ती कविता विस्तवात टाकली. किपलिंगचा जन्म मुंबईत, १८६५ च्या डिसेंबरात, म्हणजे हवानाच्या कारखान्यात पहिला पाठक उभा राहिला त्याच महिन्यात झाला होता. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे खरे. परंतु साम्राज्याने दिलेला उपदेश थंडीत जळून गेला आणि कारखान्यातल्या पाठकाचा आवाज साठ वर्षांच्या म्हाताऱ्याच्या लेखणीत जिवंत राहिला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कायेयचा दुसरा लेखक बेर्नार्दो वेगा. हा जातिवंत चिरूट-कामगार होता. १९१६ साली बोटीने न्यूयॉर्कला निघाला. मनगटी घड्याळ तिकडे बायका वापरतात, असे बोटीवर कोणी सांगितले, तेव्हा बंदर जवळ येताच त्याने आपले नवे घड्याळ समुद्रात फेकून दिले; आणि थोड्याच दिवसांत तशी घड्याळे पुरुषांच्या हातांवर मिरवू लागल्याचे त्याला पाहावे लागले. परमुलुखात पाऊल टाकण्यापूर्वीच तेथल्या लोकांच्या नजरेने स्वतःकडे पाहण्याची घाई माणूस कशी करतो, याचे याहून बोलके उदाहरण आमच्या वाचनात नाही. न्यूयॉर्कच्या कारखान्यात मात्र त्याला पाठक भेटला आणि जीव भांड्यात पडला. सकाळी एक तास बातम्या, दुपारी एक तास ग्रंथ. वाचन चालू असता कोणी बोलावयाचे नाही, आणि सुटीनंतर त्यावर वाद घालावयाचा, अशी शिस्त होती.

वेगाने १९४० नंतरच्या दशकात आपल्या आठवणी स्पॅनिशमध्ये लिहून काढल्या. त्यांत स्वतःपुरते फार थोडे आहे. एका काकाच्या तोंडून ऐकलेल्या कथांच्या आधारे न्यूयॉर्कमधील आपल्या लोकांचा एकोणिसाव्या शतकापासूनचा इतिहास त्याने त्यांत गुंफला आहे. १९६५ साली तो वारला, तोवर हस्तलिखित अप्रकाशितच होते. सेसार आंद्रेऊ इग्लेसियास या लेखकाने ते संपादित केले, आणि १९७७ साली ते छापून निघाले. तोपर्यंत संपादकही या जगात नव्हता. कारखाने बंद पडले, पाठक गेले, ती वस्तीही बदलली. राहिले ते या एका कामगाराने कानांनी साठविलेले दप्तर. सरकारी दप्तरांत या माणसांची नोंद असलीच तर ती संख्येने आहे. नावागावाने ती येथे सापडतात.

आता पूर्व किनारा सोडून कॅलिफोर्नियाकडे वळू. तेथील सॅक्रामेंटो या एकाच शहराने दोन प्रसिद्ध आत्मवृत्ते दिली आहेत, आणि घरच्या भाषेविषयी ती जवळजवळ उलट साक्ष देतात. एर्नेस्तो गालार्सा हा मेक्सिकोतील हाल्कोकोतान नावाच्या, एकच रस्ता असलेल्या डोंगरी खेड्यात १९०५ साली जन्मला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत आई आणि मामा यांच्याबरोबर तो सॅक्रामेंटोला आला. त्याचे आत्मवृत्त १९७१ सालचे. ते प्रथम लेखणीतून उतरलेच नाही. बायकामुलींना तो त्या खेड्याच्या गोष्टी सांगत असे. पुन्हा पुन्हा सांगता सांगता त्या गोष्टींचे पुस्तक झाले. त्याच्या शाळेत नाना देशांची मुले होती, आणि प्रत्येकाचे नाव त्याच्या आईबापांच्या उच्चाराप्रमाणे घेण्याचा शिक्षिका प्रयत्न करीत. अभिमानी अमेरिकन होण्यासाठी आपल्या मेक्सिकन असण्याची लाज बाळगावी लागत नाही, हे त्या शाळेने आपल्याला शिकविले, असे तो सांगतो.

रिचर्ड रॉड्रिगेस हा १९४४ चा. त्याचे आत्मवृत्त १९८२ साली आले. शाळेत गेला तेव्हा त्याला पन्नासेक इंग्रजी शब्द येत होते. एके दिवशी शाळेतील जोगिणी घरी आल्या आणि मुलाच्या हितासाठी घरात इंग्रजी बोला, असे त्यांनी आईबापांना सुचविले. आईबापांनी ते तत्काळ मानले. मुलगा हुशार निघाला, पुढे मोठा लेखक झाला. पण घर हळूहळू मुके झाले. वडील इंग्रजीत अडखळत, म्हणून गप्प बसू लागले. आई आणि मुले यांच्यातील बोलणे कामापुरते उरले. रॉड्रिगेसचे मत असे की, सार्वजनिक जीवनात उभे राहावयाचे तर ही किंमत द्यावीच लागते. शाळेत मातृभाषा चालू ठेवण्याच्या धोरणाला त्याने जाहीर विरोध केला आणि त्याबद्दल स्वजनांचा रोषही ओढवून घेतला. त्याचे मत आम्हांस मान्य नाही. परंतु त्या मुक्या घराचे त्याने केलेले वर्णन इतके प्रामाणिक आहे की, त्याच्या मताविरुद्ध सर्वांत प्रबळ पुरावा त्याच्याच पुस्तकात सापडतो.

स्त्रियांची आत्मवृत्ते या वादात थोडी वेगळी वाट दाखवितात. एस्मेराल्दा सांतियागो ही अकरा भावंडांतली थोरली. १९६१ साली, तेराव्या वर्षी, पोर्तो रिकोहून ब्रुकलिनला आली. इंग्रजी येत नाही म्हणून मुख्याध्यापक तिला खालच्या वर्गात घालू लागले, तेव्हा तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांच्याशी हुज्जत घातली आणि आपला वर्ग मिळविला. १९९३ साली तिने आपले बालपण इंग्रजीत लिहिले; मग तिने स्वतःच ते स्पॅनिशमध्ये नेले. जे जीवन एका भाषेत जगले, ते दुसरीत लिहावे लागले आणि पुन्हा पहिलीत परत आणावे लागले.

सोनिया सोतोमायोर या २००९ साली संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयावर बसलेल्या पहिल्या लातिना. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात त्या वाढल्या. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास मधुमेह झाल्याचे कळले. वडिलांचे हात व्यसनाने थरथरत, म्हणून इन्सुलिनची सुई आपली आपणच टोचून घेण्यास त्या शिकल्या. नवव्या वर्षी वडील गेले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मवृत्तात या सर्व हकिगती आहेत. आणि आजीच्या घरी जमणारी मंडळी आहेत, जिथे आजी पोर्तोरिकन कवी गौतियेर बेनीतेस याची कविता म्हणे. पुस्तकाचे नावही त्याच कवीच्या, परत मायदेशी येणाऱ्या माणसाच्या कवितेतून घेतलेले आहे. त्याचे ध्वनिमुद्रण रीटा मोरेनो या अभिनेत्रीच्या आवाजात झाले. ती स्वतः पाच वर्षांची असताना आईबरोबर पोर्तो रिकोहून आली होती, आणि तिनेही त्याच साली आपले आत्मवृत्त लिहिले. आजीने म्हटलेली कविता, नातीने लिहिलेले पुस्तक, आणि त्याच बेटावरून आलेल्या एका वृद्ध कलावतीचा आवाज: कारखान्यातील पाठकाची गादी अशा रीतीने पुन्हा भरली गेली.

बदलीच्या नोकरीत प्रांतोप्रांती घर मांडणाऱ्या आमच्या वाचकांना हा इतिहास केवळ दूरदेशीचा वाटणार नाही. कचेरीची भाषा एक, बाजाराची दुसरी, मुलांच्या शाळेची तिसरी, आणि मराठी उरली ती जेवणाच्या पाटापुरती, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे. त्यावर आपण मंडळे काढतो, गणेशोत्सव करतो. ते योग्यच आहे. पण हवानाच्या त्या कामगारांनी केलेली योजना अधिक सोपी होती. एकाने वाचावे, बाकीच्यांनी हातातले काम न सोडता ऐकावे. तिला सभागृह लागत नाही, आणि घरातील धाकट्याला अक्षरे वाचता येत नसली तरी अडत नाही. कोलोन, गालार्सा, सांतियागो, सोतोमायोर या सर्वांनी अखेर इंग्रजीत लिहिले, हेही विसरू नये. आपल्या मुलांनी पुढे कोणत्या भाषेत लिहावे, हे ठरविणे आपल्या हाती नाही. लिहावयास बसतील तेव्हा त्यांच्या कानात कोणाचा आवाज असेल, एवढे मात्र आज, आपल्याच घरात, ठरत आहे.