गोहदचा राणा आणि काबूलचे दुभाषे

१५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत काबूलच्या विमानतळाबाहेर जी गर्दी झाली ती आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिली. त्या गर्दीत असे अनेक लोक होते की ज्यांनी वीस वर्षांत कधी ना कधी अमेरिकन, ब्रिटिश किंवा अन्य परदेशी फौजांसाठी काम केले होते. कोणी दुभाषी होता, कोणी वाटाड्या, कोणी छावणीतला कारकून. हातात कागदांच्या प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन ते उभे होते. त्या कागदांत कुठल्यातरी मेजरचे शिफारसपत्र असायचे.

अशा लोकांसाठी अमेरिकेने २००९ साली खास कायदा केला होता. ब्रिटनने एप्रिल २०२१ मध्ये स्वतंत्र योजना आणली आणि जुलै २०२५ मध्ये ती नव्या अर्जांसाठी बंद केली. त्याच महिन्यात एक गोष्ट उघड झाली. ब्रिटनकडे अर्ज केलेल्या सुमारे १९ हजार अफगाणांची माहिती फेब्रुवारी २०२२ मध्ये चुकून बाहेर गेली होती. ज्यांना लपवायचे, त्यांचीच यादी बाहेर!

यावर लिहिताना बहुतेक जण व्हिएतनामचा दाखला देतात. पण इतके लांब जायला नको. परक्या फौजेला मदत करायची, तिच्या शब्दावर विसंबायचे आणि मग धोरण बदलले की बोचके बांधायचे, ही गोष्ट आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वी घडली आहे. तिच्यात आपण मराठेच एक पक्ष होतो.

उज्जैनला गेलो असताना माधव नगरात राहण्याचा योग आला. लोक या भागाला सर्रास फ्रीगंज म्हणतात, पण कागदोपत्री नाव माधव नगर. हे नाव ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचे. उज्जैन ही शिंद्यांची जुनी राजधानी. १८१० च्या सुमारास दौलतरावांनी आपला मुक्काम ग्वाल्हेरच्या लष्करात हलवला आणि उज्जैनचे महत्त्व ओसरले. मराठी घरे मात्र अजून आहेत. तिथल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांशी बोलताना मी सहज विचारले, "काका, ग्वाल्हेर १८०४ मध्ये इंग्रजांनी घेतले होते ना? मग ते शिंद्यांकडे परत कसे आले?" ते म्हणाले, "तहात मिळाले." उत्तर बरोबर आहे. आपली पुस्तकेही एवढेच सांगतात. पण त्या तहात शिंद्यांना जे मिळाले ते कोणाच्या तरी हातून काढून घेतलेले होते. तो कोणीतरी म्हणजे गोहदचा राणा.

गोहद हे ग्वाल्हेरच्या ईशान्येला असलेले जाट राजांचे छोटे संस्थान. मराठ्यांशी त्यांचे पूर्वीपासून वैर. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, १७७९ मध्ये, वॉरन हेस्टिंग्जने राणा छत्रसिंहाशी तह केला. ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉपहॅमने रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. कडा कुठून चढता येतो याची बातमी राण्याच्या माणसांनी आणली होती. तिथे चोरीमारीसाठी चढणारे लोक होते, त्यांना ही वाट ठाऊक होती. पॉपहॅमचे नाव इतिहासात राहिले, वाटाड्यांचे राहिले नाही. किल्ला राण्याला देण्यात आला.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७८१ मध्ये, इंग्रजांनी महादजींशी वेगळा समझोता केला. राणा इंग्रजांशी इमानाने वागेल तोवर त्याला त्रास द्यायचा नाही, असे त्यात कलम होते. मग इंग्रजांनी ठरवले की राणा इमानाने वागलेला नाही! महादजींनी १७८३ मध्ये ग्वाल्हेर आणि १७८४ मध्ये गोहद घेतले. राणा त्यांच्या हाती सापडला. इंग्रज मध्ये पडले नाहीत.

इतके होऊनही वीस वर्षांनी त्याच घराण्याने पुन्हा इंग्रजांवर विश्वास टाकला. याचे आश्चर्य वाटते, पण त्यांच्यापुढे दुसरा पर्याय तरी कोणता होता? १८०३ मध्ये लॉर्ड लेकने दिल्ली आणि लासवाडीच्या लढाया जिंकल्या. उत्तरेतल्या संस्थानिकांशी भराभर तह केले, त्यांत भरतपूर, अलवर, जयपूर आले. जानेवारी १८०४ मध्ये गोहदच्या राणा कीरतसिंहाशीही तह झाला आणि त्याला त्याचा मुलूख परत मिळाला.

त्याच वर्षी यशवंतराव होळकर आणि इंग्रज यांच्यात युद्ध जुंपले. कर्नल मोन्सन पाच पलटणी घेऊन मुकुंदरा घाट ओलांडून माळव्याच्या तोंडाशी आला. गुजरातेतून कर्नल मरे यायचा होता, तो जुलै १८०४ मध्ये उज्जैनला पोहोचला. पण तोवर मोन्सनने माघार घ्यायला सुरुवात केली होती. ऐन पावसाळा, फुगलेल्या नद्या, चिखलात रुतलेल्या तोफा आणि मागे होळकरांचे घोडदळ. ऑगस्टअखेर उरलेसुरले शिपाई आग्र्याला पोहोचले. मराठी वाचकाला या माघारीचे वर्णन वाचताना आनंद होतो, मलाही होतो. पण या वाटेवर इंग्रजांना सांभाळून नेणारेही लोक होते. कोट्याच्या फौजेतला कोयल्याचा हाडा सरदार इंग्रजांची पिछाडी राखताना मारला गेला. बुंदीच्या रावराजाने आपल्या मुलखातून वाट दिली. आपण कोणाचा रोष ओढवून घेत आहोत हे त्यांना माहीत होते.

याच सुमारास तिकडे लंडनमध्ये हिशेब मांडला जात होता. वेलस्लीच्या युद्धांनी कंपनीचे कर्ज भरमसाट वाढले होते. त्याला परत बोलावून म्हाताऱ्या कॉर्नवॉलिसला पाठवण्यात आले. तो जुलै १८०५ च्या अखेरीस कलकत्त्याला उतरला आणि ऑक्टोबरमध्ये गाझीपूरला वारला. त्याचे धोरण बार्लोने पुढे चालवले. यमुनेपलीकडच्या भानगडीतून अंग काढून घ्यायचे, हे धोरण. लेकने विरोध केला. ज्यांनी आपल्याला साथ दिली त्यांना असे सोडता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. ते ऐकले गेले नाही.

२२ नोव्हेंबर १८०५ रोजी शिंद्यांशी तह झाला. ग्वाल्हेर आणि गोहद शिंद्यांना, चंबळ ही हद्द. दौलतरावांना सालीना चार लाख, बायजाबाईंना दोन लाखांची आणि मुलीला एक लाखाची जहागीर. उदेपूर, जोधपूर, कोटा यांच्याशी इंग्रज तह करणार नाहीत असेही कलम होते. गोहदच्या राण्याशी केलेला तह मोडताना कारण दिले गेले की त्याला राज्यकारभार जमत नाही.

या कारणापाशी मी थोडा थांबतो. सरकारी कचेरीत माझी वीसेक वर्षे गेली. निर्णय वर झालेला असतो आणि कारण खाली टिपणीत लिहायचे असते, हा प्रकार मला नवा नाही. १७८१ नंतर राणा बेइमान ठरला, १८०५ मध्ये राणा नालायक ठरला. दोन्ही वेळा त्याचा दोष नेमका तेव्हाच सापडला जेव्हा त्याचा मुलूख दुसऱ्याला द्यायचा होता. काबूलच्या एखाद्या दुभाष्याचा अर्ज 'सेवेचा पुरेसा पुरावा नाही' म्हणून परत येतो तेव्हा मला गोहदची ही टिपणी आठवते.

बुंदीचे काय झाले? डिसेंबर १८०५ मध्ये होळकरांशी तह झाला. त्यात होळकरांनी बुंदी आणि टोंक-रामपुऱ्यावरचे हक्क सोडले होते. फेब्रुवारी १८०६ मध्ये बार्लोने जादा कलमे जोडून ते हक्क आपण होऊन परत दिले. म्हणजे ज्याच्या हातून बुंदीला वाचवायचे त्याच्याच हाती बुंदी दिली, तीही त्याने न मागता. जयपूरने तर लेकच्या सांगण्यावरून होळकरांविरुद्ध फौज दिली होती. त्याचाही तह रद्द झाला. जयपूरच्या वकिलाने लेकला तोंडावर सुनावले की सोयीसाठी इंग्रजांनी शब्द मोडल्याचे आम्ही हे पहिल्यांदाच पाहतो. गोहदचा वकील तिथे असता तर 'पहिल्यांदाच' हा शब्द त्याने नक्की दुरुस्त केला असता.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राणा कीरतसिंहाला अगदी वाऱ्यावर सोडले नाही. जानेवारी १८०६ मध्ये त्याला धौलपूर, बारी आणि राजाखेडा हे परगणे देण्यात आले. आजच्या भाषेत याला पुनर्वसन म्हणतात. त्याचे वंशज स्वातंत्र्यापर्यंत धौलपूरचे राजे म्हणून नांदले. पण राणा गेला म्हणजे त्याचा दरबार आणि घराणे गेले. गोहदच्या ज्या शेतकऱ्यांनी इंग्रजी छावणीला दाणावैरण पुरवली, ज्यांनी वाटा दाखवल्या, ते शिंद्यांच्या अमलाखाली तिथेच राहिले. आणि धौलपूरच्या रयतेला नवा राजा हवा का, हे कोणी विचारले नाही. पुनर्वसनाच्या यादीत नाव असणारे आणि नसणारे, हा भेद तेव्हाही होता.

सर्वांत शहाणा निघाला कोट्याचा जालिमसिंह झाला. त्याने मोन्सनला मदत केली, पण शहराचे दरवाजे उघडले नाहीत. होळकर जाब विचारायला आले तेव्हा चंबळेत नावांमध्ये दोघांची भेट झाली. एकमेकांना काका-पुतण्या म्हणत बोलणी झाली आणि तीन लाखांवर मिटले. दोन्ही नावा बुडवायची तयारी ठेवलेली होती असे टॉडने लिहून ठेवले आहे. १८१७ मध्ये इंग्रज पुन्हा राजपुतान्यात आले तेव्हा पहिल्या तहांपैकी एक त्यांनी याच्याशी केला. त्याच्या घराण्याला कोट्याचा वंशपरंपरागत कारभार मिळाला आणि त्यातूनच १८३८ मध्ये झालावाड संस्थान निघाले. पूर्ण विश्वास टाकणारी बुंदी होरपळली आणि दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा तरला.

दुभाष्याचेच उदाहरण हवे असेल तर मोहनलाल काश्मिरी आहे. दिल्ली कॉलेजात इंग्रजी शिकलेला हा तरुण अलेक्झांडर बर्न्सचा मुन्शी म्हणून काबूलला गेला. १८४१ च्या उठावात बर्न्स मारला गेला. मोहनलाल मागे राहिला, बातम्या पाठवत राहिला आणि इंग्रज कैद्यांच्या सुटकेसाठी त्याने स्वतःच्या सहीवर कर्जे काढली. पुढे ती फेडायला कंपनी का कू करू लागली. तेव्हा तो थेट लंडनला गेला. त्याला सालीना एक हजार पौंडांचे पेन्शन मिळाले. पण सावकारांचा तगादा संपला नाही. काबूल तेच, पैशांची कुरकुर तीच.

आम्हा गोवेकरांनाही हा विषय परका नाही. १४९८ मध्ये अंजदीव बेटावर वास्को द गामाने एका ज्यू माणसाला पकडले, छळले आणि पोर्तुगालला नेले. तोच पुढे गास्पार द गामा नावाने पोर्तुगीजांचा दुभाषी झाला. हैदर अलीने सोंदे घेतल्यावर तिथला राजा सवाई इमोडी सदाशिव पोर्तुगीजांच्या आश्रयाला आला आणि बांदिवड्याला नागेशीजवळ राहिला. पोर्तुगीजांनी त्याला नीट सांभाळले. मात्र त्या बदल्यात फोंड्यापासून काणकोणपर्यंतचा मुलूख त्यांच्या पदरात पडला. सांभाळण्यात फायदा होता म्हणून सांभाळले, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट दिसते. मदत मागणारा आणि मदतीचे मोल चुकवणारा ही माणसे वेगळी असतात. लेकने शब्द दिला, बार्लोने मोडला. काबूलमध्ये मेजरने पत्र दिले, ते हजारो मैलांवरच्या कचेरीत तपासले गेले. रणांगणावरच्या माणसाला कृतज्ञता असते कारण त्याने मदत डोळ्यांनी पाहिलेली असते. कचेरीतल्याला दिसतो तो खर्चाचा आकडा. म्हणून हे काम कोणा एका मेजरच्या भलेपणावर सोडता येत नाही. फौज आत शिरण्याआधीच, तिच्या दाणागोट्याच्या तरतुदीबरोबर, मदतनिसांच्या सुटकेची आणि पोटापाण्याची तरतूद झाली पाहिजे. माघारीच्या दिवशी ती करू म्हटले तर गोहदच होणार.

आणि आपण शिंद्यांच्या बाजूने इतिहास वाचणाऱ्यांनीही एवढे करावे. १८०५ च्या तहात ग्वाल्हेर परत मिळाले हे वाक्य वाचताना, त्याच तहाच्या दुसऱ्या बाजूला चंबळ उतरून धौलपूरकडे निघालेला एक राणा होता, हेही ध्यानात ठेवावे. तो आपला शत्रू होता हे खरे. पण त्याला फसवले ते आपण नव्हे, त्याच्या मित्रांनी.