उष्टावण झाले, पुढच्या सहा महिन्यांचे काय?

प्रतिनिधी

बाळाच्या उष्टावणाचा थाट घरोघरी सारखाच असतो. मामाच्या मांडीवर बाळ बसते, चांदीच्या वाटीतली खीर सोन्याच्या अंगठीने त्याच्या ओठांना लावली जाते, पुढ्यात पुस्तक, लेखणी, दागिने मांडून ते कशाला हात घालते याचे कौतुक होते आणि पाहुणे जेवून जातात. दुसऱ्या दिवसापासून मात्र अनेक घरांत बाळाच्या वाटीत जे पडते ते अन्न नसून अन्नाचे पाणी असते. वरणावरचे पाणी, भाताची पातळ पेज, सामिष घरांत मटणाचा अळणी रस्सा. ‘अजून दात कुठे आलेत?’, ‘एवढ्याशा पोटाला पचायला नको का?’ या प्रश्नांमागची माया खोटी नसते. परंतु पहिले सहा महिने आईच्या दुधावर गुटगुटीत झालेल्या बाळाचे वजन पुढे अडून बसते, त्याचे कारण पुष्कळदा या वाटीतच सापडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी ४५.९ टक्के बाळांनाच आईच्या दुधाबरोबर घन किंवा अर्धघन आहार मिळत असल्याचे आढळले. सहा ते तेवीस महिने या वयात पुरेसा आहार मिळणाऱ्या बालकांचे प्रमाण तर अवघे ११.३ टक्के होते. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी निघाली. या आकड्यांचे खापर केवळ गरिबीवर फोडता येत नाही. ज्या घरांत धान्याचे डबे भरलेले आहेत, तेथेही बाळाच्या वाटीची स्थिती फारशी वेगळी नसते.

सहावा महिनाच का?

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सहा महिन्यांपर्यंत निव्वळ स्तनपान आणि त्यानंतर स्तनपानाच्या जोडीला वरचा आहार, अशी शिफारस केली. त्यापूर्वी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही सुरुवात करावी, असे सांगितले जाई. आजच्या आज्यांनी आपल्या मुलांना चौथ्या महिन्यात भात चाटवला असेल तर त्यांनी त्या काळचा सल्लाच पाळला होता. गंमत अशी, की आपल्या गृह्यसूत्रांनीही अन्नप्राशनासाठी सहावा महिनाच सांगितला आहे. मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात, हा रिवाज मात्र बाळाच्या पोटाला ठाऊक नसतो. मुलीचे पाचव्यात केले तर घाई होते, मुहूर्त पाहत आठव्यापर्यंत थांबले तर उशीर. समारंभ हवा तेव्हा करावा. घास मात्र सहा महिने पूर्ण होताच सुरू व्हावा. या सुमारास बाळ मान सावरते, आधाराने बसते, मोठ्यांच्या ताटाकडे टक लावून पाहते आणि जिभेने घास बाहेर ढकलण्याची त्याची उपजत सवय ओसरू लागते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत हे वय डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

उशीर का चालत नाही, याचे मोठे उत्तर लोह हे आहे. आईच्या एक लिटर दुधात एक मिलिग्रॅमही लोह नसते. तो दुधाचा दोष नव्हे. जेवढे असते तेवढे बाळाला उत्तम लागू पडते, आणि पहिल्या सहा महिन्यांची शिदोरी बाळाने आईच्या पोटातूनच बरोबर आणलेली असते. ही शिदोरी सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येते, आणि नेमकी तेव्हाच वाढ जोरात असते. देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला, हा वरील पाहणीचाच निष्कर्ष आहे.

वाटीभर पाण्याचा हिशेब

सहा ते आठ महिन्यांच्या, आईचे दूध पिणाऱ्या बाळाला वरच्या आहारातून दिवसाकाठी साधारण २०० उष्मांक मिळावे लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ही गरज ३०० वर, तर वर्षानंतर साडेपाचशेवर जाते. आता पोटाचे माप पाहू. बाळाच्या जठराची क्षमता दर किलो वजनामागे सुमारे ३० मिलिलिटर धरतात. म्हणजे सात किलोच्या बाळाचे पोट एका वाटीत भरते. वाटीभर पातळ पेजेत जेमतेम दहा ग्रॅम तांदूळ असतो आणि त्यातून ३५ उष्मांक मिळतात. या हिशेबाने २०० उष्मांकांसाठी बाळाने दिवसाला जवळजवळ सहा वाट्या पेज प्यायला हवी. ती ते पिऊ शकत नाही. उलट पेजेने पोट भरल्यामुळे तेवढे आईचे दूध कमी पिते, म्हणजे दुहेरी नुकसान. वरणाच्या पाण्याची कथा हीच. डाळीतली प्रथिने तळाशी राहतात आणि ती घरातली मोठी माणसे खातात. मटणाच्या रश्शाला चव येते, मांस भांड्यातच राहते.

अन्न किती घट्ट असावे, याची एक सोपी परीक्षा अंगणवाडी सेविकाही मातांना करून दाखवतात. चमचा तिरपा केला तरी घास लगेच ओघळून पडता कामा नये. दातांची वाट पाहण्याचे कारण नाही, हिरड्या हे काम चोख करतात.

आजीच्या हातचे खिमट

यासाठी बाजारात जावे लागत नाही. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून, थोडे जिरे घालून जाडसर दळून ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. यालाच खिमट म्हणतात. तीस ग्रॅम, म्हणजे साधारण तीन मोठे चमचे भरड पाण्यात मऊ शिजवून त्यावर छोटा चमचाभर तूप सोडले, की दीडशेच्या आसपास उष्मांक होतात. हे एवढे खिमट दोन वेळांत विभागून दिले आणि तिसऱ्या वेळी कुस्करलेले केळे किंवा उकडलेला बटाटा दिला, तर पहिल्या टप्प्याची गरज भागते. तांदूळ आणि डाळ एकत्र आल्याने दोहोंच्या प्रथिनांतील उणीव एकमेकांकडून भरून निघते, हा आणखी एक फायदा. तूप-तेल बाळाला जड पडते, हा समज सोडून द्यावा. थोड्या जागेत जास्त उष्मांक बसवण्याचा त्याहून सोपा मार्ग नाही.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करावी. एक पदार्थ दोन-तीन दिवस द्यावा, तो मानवला की पुढचा. बाळाने तोंड वेडेवाकडे केले म्हणजे पदार्थ आवडला नाही असे समजू नये; नव्या चवीची ओळख होण्यास आठ-दहा वेळा तो समोर यावा लागतो. सातव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा आणि नवव्यापासून तीन-चार वेळा खाणे व्हावे. मिक्सरमध्ये फिरवून, वर गाळून दिलेल्या लगद्यावर बाळाला फार काळ ठेवू नये. हाताने कुस्करलेले, पुढे नऊ-दहा महिन्यांत बोटभर मऊ तुकड्यांचे अन्न मिळाले नाही, तर चावण्याची सवयच उशिरा लागते आणि मग दोन वर्षांचे मूल भाताचे शीत लागले तरी ओकारी काढते.

नाचणीचे सत्त्व घरोघरी दिले जाते, पण सत्त्व या एकाच नावाखाली दोन निरनिराळे पदार्थ मोडतात. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून तळाशी बसलेला साका वाळवला तर हाती बहुतांशी पिष्ट लागते. प्रथिने, तंतू आणि बरीचशी खनिजे चोथ्यात जातात. नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून, दळून केलेले पीठ मात्र अस्सल. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेही या पिठात टिकते. मोड आणण्याचा एक गुण तर विलक्षण आहे. धान्याला मोड फुटताना त्यात अमायलेज हे विकर तयार होते आणि ते पिष्टाची गुंफण तोडते. मोड आणलेल्या धान्याचे, वाळवलेले पण कडक न भाजलेले चिमूटभर पीठ घट्ट शिजवलेल्या लापशीत घालून ढवळले, की ती पाहता पाहता सैल होते. म्हणजे पाणी न वाढवता घास गिळायला सोपा होतो आणि उष्मांक तेवढेच राहतात. पीठ घातल्यावर लापशीला पुन्हा एक उकळी द्यावी. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात या युक्तीवर पद्धतशीर काम केले. आपल्या आज्यांनी मोडाचे पीठ केले ते पचायला हलके म्हणून. प्रयोगशाळेने त्याचे कारण दाखवले.

लोहाचा प्रश्न एकट्या खिमटाने सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शनात सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांना अंडी, मासे, मांस यांसारखे प्राणिज पदार्थ, तसेच फळे आणि भाज्या रोज द्याव्यात, असे म्हटले आहे. जी घरे हे पदार्थ खातात त्यांनी बाळासाठी वर्षाची वाट पाहू नये. उकडलेले अंडे कुस्करून, काटे नीट काढलेला मासा, शिजवून बारीक केलेले मांस सातव्या महिन्यापासून देता येते. शाकाहारी घरांनी डाळी, कडधान्ये, पालेभाज्या द्याव्यात आणि वर लिंबाचे दोन थेंब पिळावेत; क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतील लोह अधिक शोषले जाते. शाकाहारी मातांच्या बाबतीत ब-१२ची तपासणी करून घेणेही अगत्याचे, कारण आईच्या शरीरात ते कमी असेल तर दुधातही कमी उतरते. शिवाय ‘अॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिन्यांवरील बालकांना आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध देण्याची तरतूद आहे. आशा सेविकेकडे त्याची मागणी करण्यात संकोच नसावा.

मध, गुटी आणि चहा-बिस्किट

वर्षाच्या आत मध चाटवू नये. मधात क्वचित असणारे बोटुलिझमचे जिवाणूबीज मोठ्यांना काही करीत नाही; तान्ह्याच्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करू शकते. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी हा जिव्हाळ्याचा विषय आहे, याची प्रस्तुत प्रतिनिधीला कल्पना आहे. तथापि किती वेढे उगाळले यावर मात्रा ठरते, सहाण धुतलेली असतेच असे नाही आणि जायफळाचा वेढा जास्त पडला तर बाळ ‘शांत झोपते’ याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. वर्षभर मीठ-साखर न घालणेच बरे. अळणी खिमट आपल्याला बेचव लागते, बाळाला तुलना करण्यास दुसरे काही ठाऊक नसते. गाईचे दूध खिरीत, लापशीत थोडे चालेल, पण वर्षाच्या आत तेच मुख्य पेय झाले तर लोहाची उणीव वाढते. चहात बुडवलेले बिस्किट सर्वांत वाईट. त्यात साखर भरपूर, पोषण नाममात्र, आणि चहातील टॅनिन आहे ते लोहही शोषू देत नाही.

शेंगदाणे आणि अंडी वर्ष-दोन वर्षे टाळावीत म्हणजे अॅलर्जी होत नाही, हा सल्ला आता मागे पडला आहे. २०१५ साली ब्रिटनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अॅलर्जीचा धोका अधिक असलेल्या ज्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा नियमित दिला गेला, त्यांच्यात त्याची अॅलर्जी पुढे फार कमी आढळली. आपल्याकडे दाण्याचे कूट घरात असतेच. ते अगदी बारीक करून, चिमटीने सुरुवात करून खिमटात मिसळावे. तीव्र इसब असलेल्या बाळाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावे. अख्खा शेंगदाणा, फुटाणा किंवा द्राक्ष मात्र पाच वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये, ते श्वासनलिकेत अडकते.

डबाबंद आहार वर्ज्य नाही, परंतु त्यावरचे साखरेचे प्रमाण वाचल्याखेरीज घेऊ नये. दोन वर्षांखालील बालकांच्या अशा खाद्याची जाहिरात करण्यास १९९२च्या कायद्याने आणि त्याच्या २००३च्या दुरुस्तीने बंदी आहे, ही गोष्ट पालकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

भरवायचे कोणी?

वाटीत काय आहे याइतकेच ती वाटी कोणाच्या हातात आहे, हेही महत्त्वाचे. २०१७च्या दुरुस्तीनंतर नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. म्हणजे रजा संपते तो आठवडा आणि पहिल्या घासाचा आठवडा एकच. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या मातेला तर तीही रजा नाही. ती पहाटे फडात जाते, बाळ कोपीवर मोठ्या बहिणीच्या कडेवर राहते आणि ती बहीणच सात-आठ वर्षांची असते. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांसाठी मिळणारा घरपोच आहार गावी राहतो. मुक्कामाच्या ठिकाणच्या अंगणवाडीत नाव नोंदवून तो मागता येतो, हे मुकादम सांगत नाही. अशा कुटुंबांना भाजून दळलेल्या भरडीचा डबा फार उपयोगी पडतो, कारण ती काही आठवडे टिकते आणि शिजायला थोडे सरपण लागते. एकदा शिजवलेले मात्र दोन तासांत संपवावे, बाटली व बोंडले टाळून वाटी-चमच्यानेच भरवावे, आणि भरवणाऱ्या व खाणाऱ्या अशा दोघांचेही हात साबणाने धुतलेले असावेत. हगवणीचे आजार याच वयात सर्वाधिक होतात.

अशा आजारात बाळाचे खाणे बंद करण्याची प्रथा घातक आहे. जलसंजीवनी, आईचे दूध आणि थोडे थोडे मऊ अन्न चालूच ठेवावे, आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक खाणे जास्त द्यावे. वजन दर महिन्याला अंगणवाडीतील तक्त्यावर नोंदवून घ्यावे. लागोपाठ दोन महिने रेघ वर सरकली नाही तर बाळ हसत-खेळत असले तरी डॉक्टरांकडे न्यावे. वर्ष भरता भरता त्याला घरातलेच अन्न चालू लागते; त्याच्या वाटणीचे घट्ट वरण, भाजी तेवढी तिखट घालण्यापूर्वी बाजूला काढून ठेवावी.