सिंधुदुर्गाचा पहिला तट पाण्याखाली आहे

हरसूलच्या परिसरात वाढलेल्याच्या डोळ्यांसमोर दुर्ग म्हटला की हरिहर उभा राहतो: ताशीव कातळ आणि छातीवर येणाऱ्या पायऱ्या. दुर्गाचे बळ उंचीत असते, हा माझा समज मालवणच्या होडीत बसल्यावर मोडला. कुरटे बेट जेमतेम पाण्याबाहेर आलेले. मग ते अभेद्य का ठरले?

उत्तर पाण्याखालच्या खडकांत आहे. काही ओहोटीला डोके वर काढतात, काही कधीच दिसत नाहीत. आज होड्यांना इंजिन आहे. शिडाच्या काळात सकाळचा मतलई वारा, दुपारचा खारा वारा आणि भरती-ओहोटी यांचा मेळ घालूनच येथे नाव हाकावी लागे. खोल बुडाच्या युरोपीय जहाजाला हे पाणी म्हणजे सापळाच. मराठ्यांची गुराबे व गलबते उथळ बुडाची, प्रसंगी वल्ह्यांवर चालणारी. वाट ठाऊक असलेल्या स्थानिक दर्यावर्दींना हेच खडक आसरा देत.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी येथे पायाभरणी केली. उत्तरेस जंजिऱ्याचा सिद्दी, दक्षिणेस गोव्याचा पोर्तुगीज. आपल्याच समुद्रात फिरण्यासाठी पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घ्यावा लागे. या पार्श्वभूमीवर १६६७ मध्ये पूर्ण झालेला हा दुर्ग समुद्रावरील हक्काची घोषणाच होता. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी नसत्या, तर मात्र साऱ्या तटबंदीचा उपयोग शून्य होता.

अभेद्यतेलाही मर्यादा असतेच. १७६५ मध्ये इंग्रजांनी दुर्ग घेऊन त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले. पुढे तो कोल्हापूरकर छत्रपतींकडे परतला खरा, पण १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांकडेच गेले. (नाव मात्र टिकले नाही, हे बरेच झाले.)

आता खरी गंमत. ज्या खडकांनी शत्रूची जहाजे अडवली, त्यांच्याच कपारींत प्रवाळ वाढले, मासे विसावले. १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. सिंधुदुर्ग आणि पद्मगड त्याच्या गाभाक्षेत्रात येतात. २०२५ मध्ये हा दुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेला.

परंतु अभयारण्याला पहिला विरोध झाला तो मालवणच्या मच्छीमारांकडूनच. त्यांना निसर्गशत्रू ठरवणे मला इतिहासदृष्ट्या अन्यायाचे वाटते. ज्यांच्या ज्ञानावर आरमार उभे राहिले, त्या समाजाला स्वतःच्याच पाण्यात परवानगी मागावी लागेल, अशी ती भीती होती. कार्ताझ आठवतो ना? उद्देश अगदी वेगळा, पण होडीतून पाहणाऱ्याला दोन्ही कागद सारखेच दिसू शकतात. प्रवाळ वाचायलाच हवेत. मात्र त्यांच्या रक्षणाचा आराखडा मच्छीमारांना सोबत बसवूनच आखला पाहिजे.

मालवणला गेलात तर भरती-ओहोटीची वेळ विचारून जा. पूर्ण ओहोटीला पद्मगडापर्यंत पायी जाता येते आणि एरवी न दिसणारा तो पहिला तट उघडा पडतो. प्रवाळ तोडू नका, आणि पाणी चढण्याआधी परत फिरा.