म्हाताऱ्या कुत्र्याची झोप कुठे जाते?

उरणला आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा होता. चौदाव्या वर्षी त्याचे रात्रीचे वागणे बदलले. दिवसभर तो पडवीत झोपून राही आणि रात्री एक-दीडच्या सुमारास उठून घरभर फेऱ्या मारी. कधी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राही, तर कधी दार उघडण्याची वाट पाहत बिजागरीच्या बाजूला थांबे. हेच दार कुठून उघडते हे त्याला पिल्लू असल्यापासून पाठ होते. थोड्या वेळाने तो रडू लागे.

कुत्र्याचे रात्री रडणे आपल्याकडे अशुभ मानतात. शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘‘त्याला कुठंतरी लांब सोडून या.’’ दुसऱ्या एकांना तो पिसाळला असावा अशी शंका आली. आम्ही विज्ञानात काम करणारे. पण ‘म्हातारा झालाय, चालायचंच’ असे म्हणून आम्हीही दोन महिने घालवले. अपशकुन, पिसाळणे आणि म्हातारपण ही तिन्ही उत्तरे वेगवेगळी दिसतात. परंतु त्यांपैकी कोणतेही एक स्वीकारले की पुढे शोध घेण्याची गरज उरत नाही. विज्ञानाचा प्रवासही या बाबतीत असाच अडखळत झाला आहे.

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात एक ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिची स्मृती ढासळली होती आणि ती सतत अस्वस्थ असे. १९०६ मध्ये ती वारल्यावर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप घेतले, ते चांदीच्या क्षारांनी रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना दोन गोष्टी दिसल्या : पेशींच्या बाहेर साचलेले पदार्थाचे पुंजके आणि पेशींच्या आत धाग्यांची गुंतावळ. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेन येथील सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. सभेत एकानेही प्रश्न विचारला नाही.

कुत्र्यांची पाळी आणखी ५० वर्षांनी आली. १९५६ साली फॉन ब्राउनम्यूल या जर्मन संशोधकाने म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही असेच पुंजके आढळतात हे दाखवले. एवढा उशीर का झाला असेल? याचे एक कारण उघड आहे. रोग दिसायचा तर म्हातारे कुत्रे असायला हवेत. पशुवैद्यकाचे लक्ष बराच काळ घोड्यांवर आणि गुरांवर होते. १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हाही गरज मुख्यतः याच जनावरांची होती. रस्त्यावरचे कुत्रे म्हातारे होण्याआधीच मरतात. लस, पुरेसे अन्न आणि घराचा आसरा मिळाल्यावरच कुत्रे १४-१५ वर्षे जगू लागले आणि तेव्हा हा विकार माणसांच्या नजरेस पडला.

पुंजके कशाचे बनलेले आहेत हे १९८४ साली अमेरिकेत ग्लेनर आणि वाँग यांनी शोधले. तो प्रथिनाचा एक छोटा तुकडा होता. त्याला बीटा अमायलॉइड म्हणतात. १९९१ मध्ये असे आढळले की या तुकड्यातील अमिनो आम्लांचा क्रम माणसात, कुत्र्यात आणि ध्रुवीय अस्वलातही अगदी एकच आहे. म्हणजे मोतीच्या मेंदूत जे साचत होते, ते आपल्या आजी-आजोबांच्या मेंदूत साचणाऱ्या पदार्थाहून वेगळे नसावे. मात्र येथे सावध राहायला हवे. अल्झायमर यांनी पाहिलेली पेशींतली गुंतावळ कुत्र्यांमध्ये सहसा सापडत नाही. दोन्ही विकार जवळचे आहेत, एकच नव्हेत.

मग झोपेचे काय? १९७२ साली अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी उंदरांच्या मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक इवलासा पुंज नष्ट करून पाहिला. उंदरांचे दिवस-रात्रीचे वेळापत्रकच कोलमडले. सस्तन प्राण्यांचे हे मुख्य घड्याळ. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते रोज आपली वेळ जुळवून घेते. स्मृतिभ्रंशात हे वेळापत्रक विस्कटते. माणसातही आणि कुत्र्यातही.

विकाराला स्वतंत्र ओळख मिळाली ती १९९० च्या दशकात. १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कुत्र्यांतील या विकारासाठी सेलेजिलीन हे औषध मान्य केले. ते मुळात माणसांच्या कंपवातावर वापरले जाई. २००१ साली कॅलिफोर्नियात १८० म्हाताऱ्या कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. दिशेचा गोंधळ, माणसांशी वागण्यातला बदल, झोपेची उलटापालट आणि घरात घाण करणे, या चार प्रकारांपैकी निदान एका प्रकारची लक्षणे ११-१२ वर्षांच्या २८ टक्के, तर १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत आढळली. मोतीसारखे कुत्रे अपवाद नाहीत, हे त्या दिवशी आम्हाला कळले.

आम्ही मोतीला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी आधी दुसरी कारणे तपासली : सांधेदुखी, लघवीच्या मार्गाचा संसर्ग, मूत्रपिंडे, रक्तदाब, डोळे आणि कान. यांपैकी कशानेही कुत्रा रात्री जागतो आणि यांतल्या पुष्कळांवर उपचार आहेत. वागणे अचानक बदलले असेल तर रेबीजचाही विचार करावाच लागतो. मोतीला लस नियमित दिलेली होती आणि हा बदल तर महिनोन्‌महिने हळूहळू होत आला होता. ही सारी कारणे वगळल्यावरच स्मृतिभ्रंशाचे निदान करतात. माणसांची झोपेची किंवा वेदनेची गोळी कुत्र्याला आपल्या मनाने देऊ नये. ती जिवावर बेतू शकते.

घरी आम्ही साधेच उपाय केले. सकाळच्या उन्हात पीरवाडीच्या किनाऱ्यावर संथ फेरी, संध्याकाळी पुन्हा थोडे चालणे, खाण्याच्या वेळा ठरलेल्या, निजण्यापूर्वी शेवटची बाहेरची खेप, फरशीवर गोणपाट आणि रात्री एक मंद दिवा. सामान जागचे हलवले नाही. तो बिजागरीपाशी उभा राहिला तर न रागावता त्याला हाताने उघड्या बाजूला वळवत असू. मोती बरा झाला नाही. पण पाचपैकी तीन रात्री तरी तो पहाटेपर्यंत झोपू लागला. सोळाव्या वर्षी तो घरीच गेला.

२०२२ मध्ये अमेरिकेतील १५,००० हून अधिक कुत्र्यांच्या माहितीवरून असे दिसले की हालचाल न करणाऱ्या कुत्र्यांत या विकाराची शक्यता अतिशय चपळ कुत्र्यांच्या सुमारे साडेसहापट होती. वर्गात हा आकडा जरूर सांगावा आणि विचारावे : न हलल्यामुळे विकार होतो, की विकारामुळे कुत्रा हलेनासा होतो? केवळ या पाहणीवरून ते ठरत नाही.

विद्यार्थ्यांच्या घरी किंवा आळीत एखादा म्हातारा पाळीव कुत्रा असेल तर आठवडाभर त्याची नोंद ठेवायला सांगावी : केव्हा झोपला, केव्हा उठला, किती चालला, कुठे गोंधळला. कारण मात्र लिहायचे नाही. तो रकाना आठवडाभर कोरा ठेवायचा. आम्ही ते दोन महिने अशी वही ठेवली असती, तर मोतीला दवाखान्यात पुष्कळ आधी नेले असते.