घरी वाचून या!

मंडळी, आजचा विषय जरा अवघड आहे. ज्या नातेवाईकांना संकोच वाटेल त्यांनी पुढच्या लेखाची वाट पाहावी, माझा राग नाही.

दिवाळीत आमच्याकडे टेमघरला एक भाची राहायला आली होती. चाळिशी ओलांडलेली, काही वर्षांपासून एकटी. (मला सात भाच्या आहेत, त्यामुळे कोण ते शोधत बसू नका. लिहायला तिची परवानगी आहे.) रात्री यंत्रमागांची खडखड ऐकत गच्चीवर बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "मावशी, मला एक व्हायब्रेटर घ्यायचाय. त्यात काही वाईट आहे का गं? गुन्हा तर नाही? तुझ्याशिवाय विचारू कुणाला?"

मी गप्पच झाले. एक जुना तास आठवला. विज्ञानाच्या बाई रजेवर, त्यांच्या जागी मी गेले, तर नेमका प्रजननाचा धडा! "हा घरी वाचून या" असे सांगून मी मुलांना शुद्धलेखन घातले होते. भाचीला म्हटले, उद्या सांगते. आणि इतिहासाची शिक्षिका असल्यामुळे इतिहासापासूनच सुरुवात केली.

ही 'पाश्चात्त्यांची थेरं' आहेत असे वाटत असेल तर वात्स्यायनाचे कामसूत्र आठवावे. त्याच्या शेवटच्या भागात 'अपद्रव्ये' म्हणून अशा कृत्रिम साधनांची चर्चा आहे, ती सोने, चांदी, हस्तिदंत अशा कशाकशाची करावीत यासकट. विजेचे कंपनयंत्र मात्र १८८० च्या दशकातले, जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल या इंग्रज डॉक्टरचे, आणि तेही स्नायूंच्या दुखण्यासाठी. डॉक्टर 'हिस्टेरिया' झालेल्या बायकांवर ते वापरत, ही गोष्ट १९९९ च्या एका पुस्तकामुळे जगभर पसरली. २०१८ मध्ये दोन अभ्यासकांनी तिला पुरावा नसल्याचे दाखवून दिले. खुद्द ग्रॅनव्हिल तर अशा बायकांवर ते वापरायचे टाळत असे. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही यंत्रे घरगुती मसाजची म्हणून जाहिरातींत झळकू लागली. खरा उपयोग उघडपणे सांगायची सोय नव्हती.

आपल्याकडे उघड बोलणारा एक माणूस होऊन गेला, र. धों. कर्वे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे, हे ते मराठीत लिहीत होते! वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक प्रश्न विचारतात तर त्यांना उत्तर मिळायला हवे, विषय लैंगिक आहे एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, अशी बाबासाहेबांची बाजू होती. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. तरी १९५३ मध्ये मरेपर्यंत कर्व्यांनी मासिक चालवलेच.

आता गुन्ह्याचे. परदेशातून आलेले 'बॉडी मसाजर' १९६४ च्या अधिसूचनेचा आधार घेऊन, अश्लील वस्तू म्हणून, कस्टम्सने जप्त केले होते. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा अर्थ अधिकाऱ्याच्या कल्पनेतला ठरवला आणि कस्टम्सचे अपील फेटाळले. म्हणजे अशी सगळीच साधने कायद्याने मोकळी झाली असे नाही. पण हा मसाजर अश्लील नाही, एवढे ठरले.

गंमत बघा, शंभर वर्षांनंतरही खोक्यावर शब्द तोच, मसाजर! आमच्या भिवंडीच्या गोदामांत जगभरचा माल येतो, खोक्यात काय आहे ते बाहेरून कळत नाही, त्यात काही बिघडत नाही. पण वस्तूचा उपयोगच लपवला, तर ती कशाची बनलेली आहे, शरीराला चालते की नाही, हे बाई विचारणार कुणाला? आडपडद्याची किंमत तिलाच मोजावी लागते.

म्हणून भाचीला स्पष्ट सांगितले. पुष्कळ स्त्रियांना नुसते आत काही घालून सुख मिळत नाही, ते मुख्यतः शिश्निकेच्या, म्हणजे योनीच्या वरच्या बाजूच्या त्या लहानशा अवयवाच्या स्पर्शाने मिळते. तेव्हा पहिले साधन लहान, बाहेरून वापरायचे, वेग कमी-जास्त होणारे घे. मेडिकल दर्जाच्या सिलिकॉनचे बघ. उग्र वासाचे, चिकट, मऊ प्लास्टिक नको, त्याच्या बारीक छिद्रांत जंतू राहतात. वापरण्यापूर्वी आणि नंतर सौम्य साबणाने धू, पण पाणी चालते का ते आधी वाच. वंगण पाण्यात विरघळणारेच घे, सिलिकॉनचे वंगण सिलिकॉनच्या साधनाला खराब करते. दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नकोस. दुखले किंवा रक्त आले तर सरळ डॉक्टरांकडे जा. पाळी गेल्यावर येणाऱ्या कोरडेपणाबद्दलही त्यांना विचारता येते, लाजायचे नाही.

ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मावशी, हे कुणी आधी का नाही सांगितलं?"

काय उत्तर देणार? घरी वाचून या म्हणणाऱ्यांत मीही होतेच की! असो. तुमच्या शाळेत तो धडा कुणी शिकवला होता का? जरूर कळवा.