मीठ आणि गवत

यवतमाळहून दारव्हा, दिग्रस या गावांवरून पुसदला जाणारा रस्ता आषाढात पाहावा. अजिंठ्याच्या रांगेचे फाटे या जिल्ह्यात विस्कळीत होऊन पसरले आहेत. त्यांना पर्वत म्हणणे सह्याद्रीकडच्या वाचकाला धाडसाचे वाटेल. पण पावसाने एकदा जोर धरला, की या बुटक्या डोंगरांवरचा साग दाट होतो, काळ्या रानातला चिखल डांबरावर वाहत येतो, नदीनाले गढूळ पाण्याने फुगतात आणि एखाद्या पुलाशी खोळंबून राहावे लागते. पूस नदीच्या काठचे पुसद तर डोंगरांच्या कड्यातच बसलेले आहे.

आज एका दमात कापला जाणारा हा रस्ता १९०५ पूर्वी दोन जिल्ह्यांतून जात असे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढे इथला जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. १९०५ च्या फेररचनेत वाशीमकडचे दारव्हा व पुसद हे तालुके त्याला जोडले गेले आणि जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. (या नावातला ‘माळ’ हा मूळचा ‘महाल’, म्हणजे परगणा, असे जुने गॅझेटियर सांगते. रस्त्याकडेचे माळ पाहून सुचणारी व्युत्पत्ती त्यामुळे मोडीत निघते!)

कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजांनी धामणगाव स्टेशनापर्यंत पक्की सडक बांधली. दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ही त्याच कापसासाठी धावू लागली. कापूस कसा गेला, याच्या नोंदी विपुल आहेत. मीठ कसे आले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या मुलखात रेल्वेपूर्वी मीठ आणीत ते लमाणांचे तांडे, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. ‘लमाण’ या शब्दाचे मूळच अनेक अभ्यासक ‘लवण’ या शब्दात शोधतात. रेल्वेने हा व्यापार संपवला, आणि पुसद-दिग्रसच्या परिसरात कितीतरी तांडे शेती व गुरे धरून स्थिरावले. वसंतराव नाईकांचे गहुली हे गाव याच टापूतले. १ जुलै १९१३ ही त्यांची जन्मतारीख. १९६३ ते १९७५ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली, म्हणजे जुलै १९३० मधला पुसदचा जंगल सत्याग्रह वेगळा दिसू लागतो. एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. वऱ्हाडात तसे मीठ कुठून उचलणार? राखीव जंगलातले गवत मात्र दाराशी होते, आणि बैल जगवायचा तर ते हवेच होते. जंगल कायद्याने चराई आणि गवत यांवर सरकारी ताबा बसलेला. लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या जंगलात विनापरवाना गवत कापले आणि अटक ओढवून घेतली. त्याच महिन्यात यवतमाळजवळ डॉ. हेडगेवारांनीही जंगल सत्याग्रह केला आणि त्यांची रवानगी अकोल्याच्या तुरुंगात झाली. पुढे परस्परांपासून फार दूर गेलेल्या राजकीय वाटा या गवतात एकदा एकत्र आल्या होत्या.

आपल्या इतिहासलेखनात या प्रसंगाला ‘दांडीचा प्रांतिक पडसाद’ एवढीच जागा मिळते. मला हे अपुरे वाटते. मिठाचा कर प्रत्येकाच्या ताटात होता, तरी तो दिसत नव्हता. चराईचा निर्बंध गावाच्या शिवेवर, फॉरेस्ट गार्डाच्या रूपाने रोज समोर उभा राही. प्रतीक निवडणे ही वाङ्मयीन कृतीही असते, आणि पुसदची निवड उसनी नव्हती. यवतमाळ म्हटले की आज शेतकऱ्यांच्या आत्महत्याच आठवतात. १९७३ आणि २०१९ ही येथील साहित्य संमेलनांची वर्षे आपल्याला ठाऊक असतात. गवताची ही कथा या दोन्ही स्मरणांतून निसटते.

अणे स्वतः वणीचे. स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९७३ मध्ये त्यांच्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत काव्याला मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली यवतमाळला संमेलन भरले, तेही हेच वर्ष.